शिकलेली बाई

वीरभद्रप्पांनी किमो अर्ध्यावर सोडून मोठ्या डोसच्या व्हिटॅमिन सीचं सलाईन लावून घ्यायचं ठरवलं. कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवणारी त्यांची लेक अक्षता समजावून थकली. शेवटी चिडून म्हणाली, "अप्पा, कुण्या दीडशहाण्यानं हे डोक्यात भरवलंय?"

"दीडशहाणा न्हाय, लई शिकलेली बाई हाय. दुधनीपासून करमाळ्यापर्यंत फिरतोय व्हिडिओ," म्हणत अप्पांनी मोबाईल पुढं धरला.

पडद्यावर अक्षताच वर्गात सांगत होती, "व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसनं कॅन्सरच्या पेशी मेल्या." पुढचं 'पण काचेच्या बशीत, माणसात नव्हे' हे वाक्य कुणीतरी कापलं होतं.

अक्षता ते कापलेलं वाक्य अप्पांना पुनःपुन्हा सांगत राहिली.



अप्पा मायेनं म्हणाले, "वर्गात खरं बोलतीस की पोरी. घरात लेक हाईस, म्हणून भितीस."