खिळ्यांचा पट्टा
निरगुडसरला उसाच्या कडेला अंजनाच्या शेळ्या बांधलेल्या असत. राखणीचा म्हातारा कुत्रा मेला, तेव्हापासून बिबट्यानं गळा धरू नये म्हणून घालायचा त्याचा खिळ्यांचा पट्टा खुंटीलाच होता, कारण दीड वर्षाचं नवं कुत्रं अजून करडांबरोबर उड्या मारत होतं. “हे बिबट्याशीबी खेळंल. लांब पेठ गावाला सोडून येतो,” नवरा दोरी घेऊन उठला. “तुमी दहावीला तीनदा बसला. मामंजींनी सोडलं का तुमाला पेठला?” अंजनानं दोरी हिसकावली. तेवढ्यात उसात खसफस झाली. शेळ्या घराच्या भिंतीला चिकटल्या. कुत्रं मात्र उसासमोर पाय रोवून उभं राहिलं आणि कधी न ऐकलेल्या घोगऱ्या आवाजात गुरगुरलं. खसफस लांब गेली. नवऱ्यानं धावत पट्टा आणला. अंजनानं तो लावून पाहिला, पुन्हा खुंटीला अडकवला. “अजून सैल हाय. गळा भरंस्तवर थांबायचं. तवर शेळ्यांपाशी तुमी बसा.”