मागचा कोपरा

रॅकेटवर रॅकेट आदळली आणि शटल दोघींच्या मधोमध पडलं. ऋतुजा ज्या कोपऱ्यात धावली होती तो तिचा नव्हताच. डाव्या हाताचा मागचा कोपरा रुपालीचा, आणि रुपाली तिथं वेळेवर पोचलीही होती. तिनं नुसती रॅकेटची तुटलेली तार बघितली. अकादमीचे प्रशिक्षक मात्र बोलले. हे रोजचंच झालं होतं. चार दिवस घरी जा, डोकं ठिकाणावर आण, आल्यावरही हेच चालू राहिलं तर रुपालीला दुसरी जोडीदार देऊ, असं त्यांनी सांगून टाकलं. म्हणजे ऋतुजानं पुण्यातून गाशा गुंडाळायचा.

ती सोलापूरच्या गाडीत बसली खरी, पण डोकं काही ठिकाणावर येईना. आपण तिकडं का धावतो, हेच तिला उमगत नव्हतं. त्या बाजूला शटल उंच गेलं की पाय आपोआप निघायचे, किती दाबून ठेवले तरी निघायचे. सोलापूरची जुनी जोडीदार वैदेही, तिच्याबरोबर इतकी वर्षं खेळली, एकदाही टक्कर झाली नव्हती. मग आताच काय झालं? कुर्डुवाडी येईपर्यंत तिला एक उत्तर सापडलं आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. सोलापुरात लोक म्हणायचे तेच खरं असणार. खेळ वैदेहीचा होता, ऋतुजा नुसती जोडीला होती.

तेवढ्यात वडिलांचा फोन आला. सिद्धनाथ सांगोल्याकडं मेंढरांमागं फिरत होते. बॅडमिंटन त्यांच्या डोक्यावरून जायचं, पण पोरीचा आवाज पडला की त्यांना लगेच कळायचं. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं, ती काही नाही म्हणाली. मग त्यांनी आपली खबर दिली. "एक मेंढी लंगडतीया. दिसभर मी तिच्या लंगड्या अंगानंच चालतूय बग." ऋतुजा हं हं करत राहिली. तिचं लक्ष नव्हतं.

सोलापुरात नवी पेठेमागच्या गल्लीत वैदेही बँकेच्या परीक्षेची पुस्तकं पसरून बसली होती. दोघींनी राज्याचं अजिंक्यपद आणलं आणि त्याच महिन्यात या बयेनं खेळ सोडला होता. घरचे म्हणतात, अभ्यास करायचाय, एवढंच तिनं कारण दिलं होतं. ऋतुजाला ते आजवर पचलं नव्हतं. ती उंबऱ्यावरूनच बोलली.

"मला तुज्यासंगंच खेळता येतंय, दुसऱ्या कुणासंगं न्हाय. तू परत ये. न्हायतर मी बी सोडते."

वैदेहीनं हातातलं पुस्तक मिटलं. मग तिनं कपाटावरची रॅकेट काढली, तिच्यावरची धूळ ओढणीनं पुसली आणि एकच गेम खेळू म्हणाली.

हॉलवर दोघींना लहानपणापासून शिकवणारे मुकुंद सर होते, त्यांचा मुलगा अनीश होता. शटल हलू नये म्हणून पंखे बंद, वर तापलेले पत्रे. सोलापूरच्या एप्रिलमध्ये असं खेळणं म्हणजे भट्टीत उभं राहणं. पण ऋतुजाला उकाडा जाणवलाच नाही. सगळं पूर्वीसारखं झालं. ती पुढं, ती मागं, डावीकडं, उजवीकडं, सगळीकडं वेळेवर पोचत होती. वैदेही तिच्या जागी शांत उभी राहून नेमके फटके मारत होती. एक टक्कर नाही. सर आणि अनीश सपाटून हरले.

"बगा सर," ऋतुजा धापा टाकत म्हणाली. "ही असली की मी चुकतच न्हाय." तिला इतका आनंद झाला होता की रडू यायचं तेवढं बाकी होतं. सरांनी घाम पुसला. ते ऋतुजाकडं न बघता वैदेहीकडं बघत होते.

वैदेही बाकावर टेकली आणि तिनं डाव्या पायावरची पँट वर ओढली. गुडघा टम्म सुजला होता. आत्ताच लागलं असेल म्हणून ऋतुजा बर्फ आणायला वळली, तर वैदेहीनं तिचा हात धरला.

"हा आजचा नाही. राज्य स्पर्धेच्या कितीतरी आधीपासून आहे. काढून टाकतील म्हणून कुणाला बोलले नाही. तुलाही नाही. त्या मागच्या कोपऱ्यात तेव्हापासून मी गेलेच नाही गं."

"मग तिथली शटलं?"

"तू घेत होतीस. आधी मला वाटायचं, तुला कळलंय आणि मुद्दाम बोलत नाहीस. नंतर कळलं, तुला पत्ताच नव्हता. दोघींचं कोर्ट तू एकटी सांभाळायचीस आणि पेपरात नाव माझं आधी यायचं. म्हणून सोडलं."

ऋतुजा खाली फरशीवर बसली. त्या कोपऱ्यात वैदेहीनं घेतलेलं एकतरी शटल आठवतंय का, ते ती शोधू लागली. राज्याची फायनल आठवली, त्याआधीच्या स्पर्धा आठवल्या. प्रत्येक वेळी तिथं तिचे स्वतःचेच पाय होते. तिला वैदेहीचा राग आला, तिची कीवही आली, आणि लंगड्या मेंढीच्या अंगानं चालणारे वडील आठवले. तिनं त्या सुजलेल्या गुडघ्यावर हलकेच तळवा ठेवला.

"संध्याकाळची गाडी पकड," वैदेही म्हणाली. "त्या रुपालीचे दोन्ही गुडघे धड आहेत. तिला पळू दे की."