गुरुवारचा सीन

"ही वही चालायची नाही," प्रेमराज म्हणाला. "ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक असं कोरं करकरीत असतं होय? आमचं बघा, चहाचे डाग, दुमडलेले कोपरे. कॅमेऱ्यात लगेच कळेल."

दिग्दर्शक हितेंद्रनं दुकानातून आणलेली वही उलटसुलट करून पाहिली.

"भाऊ, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं," तो म्हणाला. "पण खरं बुक कोण देणार?"

"अमृत देईल. मी मागतो ना."

आणि ग्रामसेवक अमृतनं खरंच दिलं. आता हा अमृत म्हणजे खडी क्रशरवाल्यांच्या गाडीतून हिंडणारा माणूस. गावचं गायरान, त्यातली टेकडी आणि पायथ्याचा झरा क्रशरला द्यायचा म्हणून त्यानं वर्षभरात तीनदा ग्रामसभा बोलावली होती. तिन्ही वेळा गावानं ठराव हाणून पाडला. सगळ्यात पुढे प्रेमराज. तमाशाच्या फडात पंचवीस वर्षं राजाचं काम केलेला गडी, त्याच्या आवाजाला माइक लागत नसे. त्यानं झरा वाचवण्यावर पथनाट्य बसवलं, धुळ्यात चौकाचौकात केलं. ते पाहूनच हितेंद्र जळगावच्या मेहरूणहून त्याला शोधत आला होता.

महिनाभर दोघं प्रेमराजच्या ओट्यावर बसून बोलत. सिनेमा कशासाठी, कुणासाठी, गरिबाचं दुःख पडद्यावर विकायचं की मांडायचं. प्रेमराजशी आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. घरचे तर त्याला अजून सोंगाड्याच म्हणत. या पोरासमोर मात्र त्याला आपण कलावंत आहोत असं वाटायचं, आणि त्या सुखापुढे जेवणाचीही शुद्ध राहत नसे.

एकच गोष्ट त्याला खटकली होती.

"सिनेमात गाव होकार का देतं? आम्ही तर नाही म्हणालो."

"रडणारा माणूस दाखवला की प्रेक्षक हळहळतो आणि चहा प्यायला जातो," हितेंद्र म्हणाला होता. "स्वतःच्या हातानं स्वतःचं गाव देणारा माणूस दाखवा, भाऊ. मग झोप उडते. सोमवारी घाबरून होकार, गुरुवारी पोकलेनपुढे आडवं पडणं. होकाराशिवाय गुरुवारच्या सीनला जोर नाही."

प्रेमराजला ते पटलं. फडावरही राजा आधी राज्य घालवतो, मगच लोक रडतात.

हितेंद्र कामाला मोठा काटेकोर. सोमवारच्या आठ दिवस आधीच त्यानं फलकावर ग्रामसभेची सूचना लावून घेतली, दवंडीही शूट केली. मेकअप नाही, नावं खरी. सरपंचाच्या कामाला सरपंच, ग्रामसेवकाच्या कामाला खुद्द अमृत. कलेपुढे असला माणूसही विरघळतो, हे बघून प्रेमराजला भरून आलं.

"एकाच टेकमध्ये करू," हितेंद्रनं सोमवारी सगळ्यांना सांगितलं. "मी ॲक्शन म्हणणार नाही, कट म्हणणार नाही. मधे कुणी कॅमेऱ्याकडे बघू नका."

दोनशे माणसं मंदिरासमोर बसली. अडली ती एकटी सुंदरबाई. सत्तरीची, झऱ्याला रोज हळदकुंकू वाहणारी.

"मी हात कसाले वर करू?" ती प्रेमराजला म्हणाली. "मनी गाय तठेच टेकडीवर चरस."

"अक्का, पिच्चर शे."

"हाई बठ्ठं खोटं शे ना, भाऊ?"

"सगळं खोटंच शे. गुरुवारले तूच सगळ्यांच्या पुढे राहशी."

मग पदर खोचून ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. तिला मनवल्याचा प्रेमराजला फार अभिमान वाटला. अख्खा सीन तिच्या हातावर होता.

सीन झाला, तो एकाच दमात. प्रेमराज उठला, खाली मान घालून ठराव मांडला, शेवटी त्याचा आवाज चिरकला. तो चिरका आवाज त्यानं रात्रभर घोटला होता. सुंदरबाईनं अनुमोदन दिलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. दोनशे हात वर गेले. मग एकेकानं येऊन त्या डागाळलेल्या बुकात सह्या केल्या, कुणी अंगठे उठवले. कोरी पानं फ्रेममध्ये वाईट दिसली असती.

हितेंद्रनं प्रेमराजला मिठी मारली.

"असं काम मी कुणाचं पाहिलं नाही," तो म्हणाला.

त्या वाक्यावर प्रेमराज पुढचे तीन दिवस तरंगत होता.

गुरुवारी सकाळी सातलाच गाव टेकडीखाली हजर. बायकांनी फलक रंगवून आणले होते. सुंदरबाई गाय घेऊन आली होती. प्रेमराजनं कोण कुठे आडवं पडणार ते चुन्यानं आखून ठेवलं. हितेंद्रचा फोन लागत नव्हता, पण तो वाटेत असणार, रेंज नसेल.

नऊच्या सुमारास फाट्यावरून धूळ उठली. ट्रेलरवर पिवळं पोकलेन, मागे पोलिसांची गाडी, तिच्यामागे जीप.

"खरं पोकलेन आणलं पोरानं," प्रेमराज हरखून म्हणाला. "पोलीसही. चला, जागा घ्या. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही."

माणसं चुन्याच्या रेघांवर आडवी झाली. कुणी तरी घोषणा दिली, ती झकास जमली. प्रेमराज कॅमेरा शोधत जीपकडे गेला. जीपमध्ये अमृत होता आणि तहसीलचा एक साहेब.

"प्रेमराज बोरसे आपणच?" साहेबानं विचारलं.

"मीच. हितेंद्रसाहेब मागे आहेत का?"

"कोण हितेंद्र?" साहेब म्हणाला आणि शिक्का मारलेला कागद त्याच्या हातात दिला. "लोकांना उठवा. तुमचाच ठराव आहे."

प्रेमराजनं कागद वाचला. गायरान क्रशरला देण्याचा ठराव एकमताने मंजूर, चित्रीकरण सोबत जोडले आहे. सूचक, प्रेमराज भटू बोरसे. अनुमोदक, सुंदरबाई नवल देवरे.