मोत्यासारखं अक्षर

माझी इरा सातवीत आहे. तोंडी विचाराल तर अख्खा धडा सांगेल, पण पेन धरलं की तिची बोटं आखडतात. अक्षरं ओळ सोडून पळतात, निम्मी गळूनच जातात. आमची झाशीला बदली झाल्यापासून शाळेत तिचं नाव 'कामचोर' पडलं होतं. मागच्या महिन्यात ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, हा आळस नाही, डिसग्राफिया आहे. परीक्षेत हिला लेखनिक द्या.

तो कागद घेऊन आम्ही मायलेकी प्रिन्सिपल मॅडमपुढे बसलो. त्यांनी इराच्या गृहपाठाच्या वह्या मागवल्या आणि टेबलावर उघडून ठेवल्या. मोत्यासारखं अक्षर, पानोपानी लाल शाईत 'अति सुंदर'.

"देखिए! घर पर ऐसा लिखती है और परीक्षा में कीड़े-मकोड़े? बीमारी नहीं है जी, नाटक है."

इराने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. डॉक्टरांचा कागद मी पुन्हा पुढे केला. मॅडमनी तो बाजूला ठेवला आणि एक कोरा कागद, पेन माझ्यापुढे सरकवलं.

"फिर भी राइटर चाहिए, तो यहीं बैठकर अर्ज़ी लिख दीजिए."

मी पेन उचललं. शेजारी वह्या तशाच उघड्या होत्या.


माझीही बोटं आखडली; इराला ओरडा बसू नये म्हणून वर्षभर त्या सगळ्या वह्या मीच लिहिल्या होत्या.