पियानो नेल्यानंतर

१९४९ साल. लेनिनग्राडमध्ये आमच्या शेजारच्या खोलीत संगीतकार वेन्यामिन राहायचे. त्यांच्या रचनांवर सरकारने बंदी घातली, पियानोही नेला. तरी त्यांची वाजवायची वेळ झाली, चार वाजले, की भिंतीलगतच्या आमच्या कपाटात चहाचे ग्लास थरथरायचे. आवाज मात्र काहीच नसायचा.

एकदा इमारतीच्या व्यवस्थापक क्लाव्दिया निलोव्ना तपासणीला आल्या. वेन्यामिन वाजवताना सापडले असते, तर थेट तुरुंगात गेले असते. आईने बाईंना चहा दिला. चार वाजले आणि त्यांच्या हातातला ग्लास थरथरू लागला. त्यांनी धावत जाऊन शेजारचं दार उघडलं. वेन्यामिन मांडीवर हात ठेवून बसले होते.

"सापडलं काही, बाई?"

"गप्प बसा! गुणगुणता येईल असं एक तरी लिहिलंत का जन्मात?"

त्या तणतणत जिना उतरल्या आणि उतरता उतरता गुणगुणू लागल्या.

वेन्यामिन पांढरेफटक पडले. "तैसिया पाव्लोव्ना," ते आईला म्हणाले, "ही चाल अजून माझ्या डोक्यातच आहे हो. कागदावरसुद्धा उतरवलेली नाही."

पुढे वेन्यामिन म्हातारे होऊन अंथरुणातच गेले, आईही गेली. क्लाव्दिया निलोव्नांना मात्र तपासणीच्या त्याच आठवड्यात पोलिसांनी नेलं होतं. गाणं कुणाचं, असं चौकशीत विचारत होते म्हणे, आणि बाईंना ते थांबवताच येत नव्हतं.