दोन बोटं

रेसच्या गाडीच्या लोखंडी पिंजऱ्यावर मी झाडूचा दांडा आडवा धरला, पण तो नळ्यांना टेकेचना. सव्वासहा फुटी रणधीरचं हेल्मेट मध्ये येत होतं.

“गाडी उलटली तर आधी डोकं टेकेल तुझं.”

त्याने कंबर पुढे सरकवली आणि लोळल्यासारखा बसला. “आता मावतोय ना, दस्तगीर?”

“असा बसलास तर पट्टा पोटावर चढून आतडी फाडेल. उतर.”

“ड्रायव्हर मी आहे. तू मेकॅनिक, पाने फिरव.”

तो गेल्यावर मी पानेच फिरवले. त्याची लाडकी गादीची सीट उपटली, दुसरी खाली चौकटीलाच कसली आणि पट्टे खांद्याच्या उंचीवर आणले. शर्यतीच्या सकाळी ते बघून त्याने मला आईवरून शिव्या घातल्या, पण बदलायला वेळ नव्हता. तो बसल्यावर मी सीटला गुडघा लावून पट्टे आणखी आवळले.

तिसऱ्या फेरीत गाडी उलटली. मी धावत पोचलो तेव्हा तो पट्ट्यांना उलटा लटकत होता. हेल्मेट आणि जमीन यांत दोन बोटं जागा उरली होती.

“श्वास कोंडलाय! किती आवळलंस, हरामखोरा!”

“मी नुसते पाने फिरवतो,” म्हणालो आणि पट्टा कापायला कातर काढली.