पितळी पेच

होडीच्या तळाच्या फळ्यांवर खिळ्यांची डोकी वर आली होती. लग्न होऊन आल्यापासून पाणी उपसताना केवळाबाईचे तळपाय त्यांनी सोलून निघायचे. "खिळा हाय, टोचणारच की," म्हणून तिचा नावाडी नवरा सटवाजी शीड ओढायला लागायचा.

निजामाची राजवट संपवणाऱ्या पुलिस ॲक्शननंतर पैलतीरावर शाळा निघाली आणि नव्या मास्तरीणबाई रोज त्यांच्या होडीतून गंगा, म्हणजे गोदावरी, ओलांडू लागल्या. एकदा त्यांचं पातळ खिळ्याला अडकून टरकन फाटलं. सटवाजी तडक पालमच्या बाजारी गेला. लोखंडी गंजतात, फुगीर डोक्याचे अडकतात, असं करत दुकानदाराला दमवून त्यानं फळीत बुडून बसणारे, आट्यांचे पितळी पेच आणले. खिळे उपटून त्यांच्या जागी एकेक पेच पिळून तो वरून तळवा फिरवून बघायचा. त्याचा हात इतका हळू फिरतो, हे केवळाबाईला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आधीच होडीत जाऊन बसली. बाई आल्या, खाली बघून हरखल्या.

"अगबाई! एवढं कुणासाठी केलंत?"

सटवाजीनं तोंड उघडायच्या आत केवळाबाई म्हणाली, "माझ्यासाठी. माझे पाय लय सोलायले होते, म्हणून."

"भाग्यवान आहात हो तुम्ही!"

सटवाजी शिडाच्या दोरीची नसलेली गाठ सोडवत बसला.